चांदीची क्वार्टर्स आणि त्यांच्यावरची बारीक अक्षरं

अमेरिकेतलं पंचवीस सेंटचं नाणं, म्हणजे क्वार्टर, हातात आलं की मी आधी त्याची कड बघते. चेहरा नंतर, साल त्याच्याही नंतर. चिमटीत नाणं उभं धरायचं आणि उजेडात हळूहळू फिरवायचं. कडेच्या मधोमध तांबूस रेघ दिसली तर ते रोजच्या वापरातलं साधं नाणं: आत शुद्ध तांबं, दोन्ही बाजूंना तांबं-निकेलच्या मिश्रणाचा पातळ थर. कड सगळीकडून सारखी पांढरी दिसली, की मग साल बघायचं. ते १९६४ किंवा त्याआधीचं असेल तर हातात नव्वद टक्के चांदी आहे.

इथे शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांची क्वार्टरशी गाठ पडते ती लाँड्रीच्या खोलीत. धुण्याच्या मशीनला नोट चालत नाही, म्हणून बँकेतून दहा डॉलरचा रोल आणायचा; त्यात चाळीस क्वार्टर्स असतात. आता बऱ्याच इमारतींत कार्ड आणि ॲप आलं आहे, पण माझ्या वेळी रोलच होते, आणि मी या नादाला लागले ती त्या रोलांमुळेच. चाळीस नाणी टेबलावर ओतली की एखाद्याचा आवाज बाकीच्यांपेक्षा निराळा येतो. बाकीची बद्द वाजतात, चांदीचं घंटेसारखं वाजतं आणि तो नाद जरा वेळ रेंगाळतो. जुन्या काळी सराफ रुपया फरशीवर टाकून पारखायचा, तो याच आधारावर. बँकेच्या रोलमध्ये असं नाणं सापडणं आता फार दुर्मीळ झालं आहे. साठ वर्षं लोक ते वेचून बाजूला ठेवत आले आहेत.

चांदी नाण्यातून का गेली, हे कळल्याशिवाय ही नाणी कळत नाहीत असं मला वाटतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला चांदीची मागणी वाढत होती, आणि अमेरिकेची ट्रेझरी, म्हणजे अर्थखातं, आपल्या साठ्यातली चांदी औंसाला १.२९ डॉलर या भावाने विकून बाजारभाव तिथेच दाबून धरत होती. क्वार्टरमधल्या चांदीची किंमत पंचवीस सेंटच्या वर जायला औंसाचा भाव १.३८ डॉलर व्हायला हवा होता. म्हणजे अंतर अवघं नऊ सेंटचं. साठा आटत चालला होता आणि लोकांना ते दिसत होतं. नाणी बाजारातून नाहीशी व्हायला लागली, दुकानदारांना सुटे मिळेनात. शेवटी २३ जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या नाणेकायद्यावर सही केली आणि क्वार्टरमधली चांदी पूर्णपणे गेली. चांदीची नाणी साठवणाऱ्यांना काही फायदा होणार नाही, सरकारकडे भरपूर चांदी आहे, असं त्यांनी त्या वेळी बजावलं होतं. दोनच वर्षांनी सरकारने त्या भावाने चांदी विकणं थांबवलं. नाणी वितळवण्यावर १९६७ मध्ये बंदी आली, ती १९६९ मध्ये उठली. ज्यांनी डबे भरून ठेवले होते, त्यांचंच खरं ठरलं.

या धामधुमीत टांकसाळीने एक गोष्ट केली, जिच्यामुळे आजही लोकांची फसगत होते. साठेबाजांना ‘शेवटचं साल’ मिळू नये म्हणून १९६४ संपल्यावरही नाण्यांवर १९६४च छापत राहिले. त्यामुळे त्या सालाची क्वार्टर्स फिलाडेल्फिया आणि डेन्व्हरच्या टांकसाळी मिळून १२० कोटींच्या वर निघाली. ‘माझ्याकडे १९६४चं चांदीचं क्वार्टर आहे, किती येतील?’ असं कुणी मोठ्या आशेने विचारतं तेव्हा उत्तर एकच असतं: आतल्या चांदीचे जेवढे होतील तेवढे.

तो हिशोब सोपा आहे आणि प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. चांदीच्या क्वार्टरचं वजन ६.२५ ग्रॅम, त्यातली चांदी ५.६२५ ग्रॅम, म्हणजे ०.१८०८ ट्रॉय औंस (सोनं-चांदी मोजायचा औंस). त्या दिवशीच्या औंसाच्या भावाला या आकड्याने गुणायचं. भाव ३० डॉलर असेल तर एका क्वार्टरमध्ये सुमारे ५ डॉलर ४२ सेंटची चांदी निघते. फार वापरलेली नाणी झिजून थोडी हलकी झालेली असतात, म्हणून व्यापारी १००० डॉलर दर्शनी किमतीच्या पोत्यात ७१५ औंस चांदी धरतात. करकरीत नाण्यांत ती ७२३ औंस असते. १९६५ नंतरचं क्वार्टर ५.६७ ग्रॅमचं. अर्ध्या ग्रॅमहून जास्त फरक आहे, स्वयंपाकघरातल्या चांगल्या डिजिटल काट्यावरही तो दिसतो. लोहचुंबकाची परीक्षा मात्र इथे उपयोगाची नाही. चुंबकाला नाणं चिकटलं तर ते खोटं, एवढंच कळतं. न चिकटणं काहीच सिद्ध करत नाही, कारण साधं क्वार्टरही चिकटत नाही.

१९६५ नंतरही चांदी पूर्ण सुटली असं नाही. १९७६ च्या, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या क्वार्टरची, ज्यावर ढोलवादक आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीने संग्राहकांच्या संचासाठी चाळीस टक्के चांदीची आवृत्ती काढली. १९९२ पासून प्रूफ संचांत, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्यांच्या संचांत, पुन्हा चांदी येते. पण ही नाणी व्यवहारासाठी नव्हतीच. माझा जीव फिरलेल्या, खर्चलेल्या नाण्यांत आहे.

आमच्या ओळखीतल्या एक काकू आहेत. त्यांचे यजमान १९६२ साली शिष्यवृत्तीवर मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात आले. तेव्हा सगळीच क्वार्टर्स चांदीची होती, त्यात विशेष काही नव्हतं. काही वर्षांनी नवी नाणी आली, तेव्हा काकांनी त्यांच्या काटेकोर स्वभावानुसार जुनी बाजूला काढायला सुरुवात केली आणि कॉफीचा एक डबा भरला. काका गेल्यानंतर काकूंनी मला बोलावलं. “बघ गं जरा यात काय आहे ते. मुलं म्हणतात, बँकेत देऊन टाक. मला तसं करवत नाही.”

बँकेत दिलं असतं तर प्रत्येकाचे पंचवीस सेंट मिळाले असते. आम्ही डबा जेवणाच्या टेबलावर उपडा केला, खाली मऊ टॉवेल अंथरला आणि भिंग घेऊन बसलो. काकूंचा पहिला प्रश्न नेहमीचाच होता: “यातलं सगळ्यात जुनं कुठलं?” सगळ्यात जुनं निघालं ते १८९९चं बार्बर क्वार्टर. लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा, डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट. चार्ल्स बार्बर या टांकसाळीच्या मुख्य कोरकाने केलेली ही रचना १८९२ ते १९१६ चालली. नाणं पार गुळगुळीत झालं होतं. काकूंचे डोळे चमकले आणि मला सांगावं लागलं की याची किंमत चांदीपेक्षा थोडीच जास्त.

वयाचा आणि किमतीचा संबंध लोक धरतात तेवढा घट्ट नसतो, हे मला जीव तोडून सांगावंसं वाटतं. १८९२चं फिलाडेल्फियाचं बार्बर क्वार्टर ८० लाखांहून जास्त निघालं. त्याच्यापेक्षा चाळीस वर्षांनी लहान असलेलं १९३२चं सॅन फ्रान्सिस्कोचं वॉशिंग्टन क्वार्टर निघालं फक्त ४,०८,०००. धाकट्याला थोरल्याच्या कितीतरी पट भाव येतो. आणि बार्बरमध्येही १९०१ साली सॅन फ्रान्सिस्कोला अवघी ७२,६६४ नाणी पडली. ते नाणं चेहरा ओळखू येणार नाही इतकं झिजलेलं असलं तरी हजारो डॉलर देऊन घेणारे लोक आहेत. त्याच सालचं फिलाडेल्फियाचं झिजकं नाणं चांदीच्या भावाच्या आसपास मिळतं. दोघांत फरक फक्त एका अक्षराचा, आणि ते अक्षर तांदळाच्या कणीपेक्षा लहान.

ते अक्षर म्हणजे टांकसाळीची खूण. एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, डी म्हणजे डेन्व्हर, ओ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, सीसी म्हणजे नेव्हाडातलं कार्सन सिटी, जिथे चांदीच्या खाणींजवळच टांकसाळ उभी केली होती. अक्षरच नसेल तर फिलाडेल्फिया. आपल्याकडे पंचम जॉर्जच्या रुपयावर मुंबई टांकसाळीचा ठिपका शोधतात, तसंच हे. कुठे शोधायचं तेही ठाऊक हवं: बार्बर आणि त्याआधीच्या सीटेड (बसलेल्या) लिबर्टी नाण्यांवर काटा बाजूला, गरुडाच्या खाली, स्टँडिंग (उभ्या) लिबर्टीवर छापा बाजूला, सालाच्या डावीकडे ताऱ्यापाशी, वॉशिंग्टनच्या चांदीच्या क्वार्टरवर पुन्हा काटा बाजूला, गरुडाखालच्या फांद्यांच्या खाली. १९६५ ते १९६७ या काळात खूण काढून टाकली होती. १९६८ पासून ती वॉशिंग्टनच्या चेहऱ्याच्या बाजूला आली.

डब्यात एक १९३२चं निघालं. मी श्वास रोखून उलटं केलं. फांद्यांखाली काहीच नव्हतं. फिलाडेल्फिया, ५४ लाख. डी असता तर ते ४,३६,८०० पैकी एक ठरलं असतं. याच कारणाने साध्या १९३२च्या नाण्यावर डी किंवा एस चिकटवून फसवणारेही झाले आहेत. भिंगाखाली अक्षराच्या बुडाशी जोड दिसतो का, हे बघितल्याशिवाय असं नाणं कुणी घेऊ नये.

१९३२च्या या नाण्यामागे एक अन्याय आहे आणि तो मला दर वेळी आठवतो. वॉशिंग्टनच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून हे नाणं काढायचं ठरलं, स्पर्धा झाली, आणि ललित कला आयोगाने लॉरा गार्डिन फ्रेझर या शिल्पकार बाईंचं काम निवडलं. ट्रेझरीचे सचिव अँड्र्यू मेलन यांनी ते बाजूला सारून जॉन फ्लॅनगन यांची रचना घेतली. आयोगाने पुन्हा आग्रह धरला. मेलन यांच्यानंतर आलेल्या ऑग्डेन मिल्स यांनीही निर्णय बदलला नाही. फ्लॅनगन यांचा वॉशिंग्टन फ्रेंच शिल्पकार हूदाँ यांच्या अर्धपुतळ्यावरून केलेला, डावीकडे बघणारा. तो वाईट नाही. पण फ्रेझर बाईंचा उजवीकडे बघणारा वॉशिंग्टन जास्त जिवंत आहे, असं मी ठामपणे म्हणेन. पटत नसेल तर २०२२ ते २०२५ मधलं एखादं क्वार्टर बघा, ज्याच्या मागे अमेरिकन स्त्रियांची चित्रं आहेत. त्याच्या छापा बाजूला शेवटी त्यांचाच वॉशिंग्टन घेतला गेला, नव्वद वर्षांनी. बाई तेव्हा हयात नव्हत्या.

डब्यातली सर्वांत सुंदर नाणी मात्र स्टँडिंग लिबर्टीची होती. हर्मन मॅकनील यांची ही रचना १९१६ ते १९३० चालली. दरवाजातून पुढे येणारी लिबर्टी, एका हातात ढाल, दुसऱ्या हातात ऑलिव्हची फांदी. मागे उडणारा गरुड. युरोपात महायुद्ध पेटलेलं असताना शांततेची इच्छा आणि संरक्षणाची तयारी दोन्ही त्या एका आकृतीत आहे. सुरुवातीच्या नाण्यांवर तिचा एक स्तन उघडा आहे. १९१७ मध्येच तिच्या अंगावर साखळ्यांचं चिलखत आलं. लोकांनी ओरडा केला म्हणून झाकलं, अशी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, पण मॅकनील यांना स्वतःलाच रचनेत बदल हवे होते, आणि तिच्या अंगावर चढलं ते युद्धाचं चिलखत आहे, साधं वस्त्र नाही. मला ओरड्याची गोष्ट पटत नाही.

या सुंदर नाण्यात एक दोष होता. साल लिहिलं होतं तो चौथरा उंचवट्यावर होता, त्यामुळे खिशात, गल्ल्यात, हाताखाली सर्वांत आधी सालच झिजायचं. १९२५ मध्ये ते खोलगट जागेत घेतलं आणि त्यापुढची सालं टिकली. म्हणूनच काकांच्या डब्यातल्या चारपाच लिबर्टींना सालच नव्हतं. बिनसालाचं नाणं चांदीच्या भावाने जातं. एक अपवाद मात्र डोक्यात पक्का ठेवावा. १९१६ साली, वर्ष संपता संपता, या रचनेची फक्त ५२,००० नाणी पडली. तिच्या केसांची ठेवण आणि झग्याच्या चुण्या १९१७च्या नाण्याहून किंचित निराळ्या आहेत, त्यामुळे साल पूर्ण पुसलेलं असलं तरी जाणकाराला १९१६चं नाणं ओळखता येतं, आणि त्याला मोठी किंमत येते. बिनसालाची, चिलखत नसलेली लिबर्टी वितळवायला देण्याआधी कुणा जाणत्याला दाखवाच. आमच्या त्या नाण्यांत असं एकच होतं. भिंगातून बराच वेळ पाहिलं. चुण्या १९१७च्या होत्या.

झीज वाचायला शिकणं हा या नादातला सर्वांत आनंदाचा भाग आहे. बार्बर क्वार्टरवर कपाळपट्टीवर ‘लिबर्टी’ हा शब्द कोरलेला असतो. सगळी अक्षरं गेली असतील तर नाणं ‘गुड’ या खालच्या दर्जाचं. तीन अक्षरं दिसली तर ‘व्हेरी गुड’. पूर्ण शब्द वाचता आला तर ‘फाइन’. दुर्मीळ सालात या एकेका पायरीला किंमत झपाट्याने चढते. दर्जा १ ते ७० गुणांत मोजतात. ही मोजणी डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या सेंटसाठी सुरू केली. पीसीजीएसने १९८६ मध्ये काम सुरू केलं आणि एनजीसी १९८७ मध्ये निघाली. या संस्था नाणं तपासून, दर्जा देऊन प्लास्टिकच्या कवचात बंद करून देतात. त्याचा खर्च असतो, म्हणून साध्या नाण्यांसाठी तो करू नये.

काकू मध्येच उठल्या आणि आतून वाटीभर रांगोळी आणि जुना ब्रश घेऊन आल्या. “किती काळी पडलीत गं! लक्ष्मीपूजनाला आपण चांदीची नाणी घासतो तशी घासून काढू का?”

“काकू, प्लीज, एकही घासू नका,” मी जवळजवळ ओरडलेच.

रांगोळी, पितांबरी, चिंच, टूथपेस्ट, चुना, यातलं काहीही या नाण्यांना लावू नये. देव्हाऱ्यातली चांदी घासावी, तिचं काम उजळ दिसण्याचं आहे. नाण्याच्या पृष्ठभागावर मात्र साच्याने दाबताना उमटलेल्या अतिसूक्ष्म रेषा असतात, ज्यांच्यामुळे न वापरलेल्या नाण्यावर चमक फिरताना दिसते. एकदा घासलं की त्या गेल्या, पुन्हा येत नाहीत, आणि घासण्याचे ओरखडे भिंगाखाली लगेच कळतात. काळसर, निळसर, सोनेरी झाक चांदीवर हवेतल्या गंधकामुळे वर्षानुवर्षं चढते. ती सुंदर असेल तर संग्राहक तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात. एका कॉइन शोमध्ये मी १८९६चं सॅन फ्रान्सिस्कोचं बार्बर बघितलं होतं, दुर्मीळ साल, पण कुणीतरी आरशासारखं चकचकीत केलेलं. मांडलेली किंमत न घासलेल्या नाण्याच्या निम्म्याहून कमी होती आणि तरी कुणी हात लावत नव्हतं.

चांदी नाण्यावरच्या आकड्यापेक्षा महाग झाली की नाणी गायब होतात, हे १९६५ मध्ये पहिल्यांदा घडलं नाही. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, सोनं मुबलक झालं, त्याच्या मानाने चांदी महागली आणि अमेरिकेची चांदीची नाणी वितळू लागली. १८५३ मध्ये क्वार्टरचं वजन ६.६८ वरून ६.२२ ग्रॅमवर आणलं आणि ओळखू यावं म्हणून सालाच्या दोन्ही बाजूंना बाणांची टोकं आणि गरुडामागे किरण कोरले. किरण त्या एकाच वर्षी होते. म्हणून किरण असलेलं क्वार्टर बघितलं की ते १८५३चं, हे लगेच कळतं.

आणि या सगळ्या वितळण्यात आपलाही एक धागा आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीच्या रुपयाची इतकी टंचाई झाली की नोटांच्या बदल्यात द्यायला रुपये पुरेनात. ब्रिटिश सरकारने अमेरिकेकडे चांदी मागितली आणि १९१८च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटींहून जास्त अमेरिकन चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी विकली गेली आणि तिचे रुपये पडले. आमच्या आजोळी देव्हाऱ्यात १९१९चा, मुंबईचा ठिपका असलेला रुपया आहे. त्यात एखाद्या मॉर्गन डॉलरची, म्हणजे वितळवलेल्या त्या अमेरिकन डॉलरांपैकी एकाची, चांदी असू शकेल, हा विचार मला फार आवडतो. वितळलेले डॉलर कुठल्या सालांचे होते याची नोंद ठेवली गेली नाही, म्हणून कुठल्या सालाचे किती डॉलर आज उरले ते कुणालाच नेमकं माहीत नाही. क्वार्टरचंही तेच. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेली तेव्हा लोकांनी नाणी पोत्यांनी विकली आणि ती वितळली. टांकसाळीचा आकडा किती जन्मली ते सांगतो. किती जगली ते सांगत नाही.

काकूंना शेवटी विकायच्या वेळचं सांगून ठेवलं. व्यापारी ‘टाइम्स फेस’मध्ये, म्हणजे दर्शनी किमतीच्या किती पट या हिशोबात, बोलतो: वीस टाइम्स फेस म्हणजे एका क्वार्टरचे पाच डॉलर. दुकानात जायच्या दिवशी औंसाचा भाव बघायचा, ०.१८ ने गुणायचं आणि त्याला पंचवीस सेंटने भागलं की किती ‘टाइम्स’ व्हायला हवेत ते कळतं. व्यापारी त्यातून आपला नफा कापणारच, तो त्याचा हक्क आहे. पण निम्मा भाव सांगत असेल तर डबा उचलून पुढच्या दुकानात जायचं. साधी वॉशिंग्टन एकत्र, वजनावर. बार्बर, सालवाल्या लिबर्टी आणि १९३२चं वेगळ्या पाकिटात, प्रत्येकाचा वेगळा भाव विचारून. पीव्हीसीची मऊ पाकिटं वापरायची नाहीत, त्यांनी नाण्यावर हिरवट थर चढतो. काकूंनी हे सगळं मागच्या वर्षीच्या कालनिर्णयच्या पाठीमागे लिहून घेतलं, गुणाकाराचा आकडा दोनदा अधोरेखित केला आणि म्हणाल्या, “पुढच्या शनिवारी तू बरोबर ये. भाव मी विचारीन, तू फक्त गुणाकार बरोबर आहे ना ते बघ.”